१६८७ : बंगळूर विकले गेले ते वर्ष

जुलै १६८७ मध्ये बंगळूर शहराचा सौदा तीन लाख रुपयांना झाला. विकणारा होता औरंगजेब बादशहाचा सरदार कासिम खान आणि घेणारा होता म्हैसूरचा राजा चिक्कदेवराज वडियार. त्यापूर्वी जवळजवळ पन्नास वर्षे हे शहर भोसले घराण्याची जहागीर होते. शहाजीराजांनी येथेच आपला दरबार भरविला, त्यांच्या पश्चात त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांचा अंमल येथे राहिला. मराठ्यांच्या हातून हे शहर गेले ते कोणत्याही मोठ्या लढाईत नव्हे, हे या घटनेचे वैशिष्ट्य होय. त्या वर्षी दख्खनमध्ये आणि जगाच्या अनेक भागांत जुन्या राजसत्ता कोसळत होत्या. त्या पडझडीत ज्या मुलखाचा कायदेशीर धनीच उरला नव्हता, असा एक मुलूख म्हणून बंगळूर बाजारात आले.

पंचांगानुसार हे शके १६०९, प्रभव नाम संवत्सर होते. साठ संवत्सरांचे चक्र ज्याने सुरू होते ते हेच संवत्सर. हिजरी सन १०९८ आणि १०९९ या वर्षाला स्पर्श करतात. इंग्रजी तारखांच्या बाबतीत मात्र वाचकांनी थोडी सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये त्या काळी जुनी ज्युलियन कालगणना चालू होती आणि ती युरोपातील कॅथलिक देशांच्या नव्या कालगणनेपेक्षा दहा दिवस मागे होती. भारतीय इतिहासाच्या ग्रंथांत या काळातील तारखा बहुधा जुन्या गणनेप्रमाणे दिलेल्या असतात. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही सर्वपरिचित तारीखही जुन्याच गणनेची आहे. या फरकाचा एक चमत्कारिक परिणाम पुढे येईल.

शहाजीराजांचे बंगळूर

बंगळूरचा मातीचा कोट आणि पेठा यांची स्थापना यलहंक नाडप्रभू घराण्यातील पहिले केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये केली. त्या वेळी हा प्रदेश विजयनगर साम्राज्यात होता. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव झाला आणि पुढील दशकांत विजापूरच्या आदिलशाहीचे लक्ष तुंगभद्रेच्या दक्षिणेकडे वळले. १६३८ मध्ये आदिलशाही सेनापती रणदुल्लाखान आणि त्याच्यासोबतचे शहाजीराजे भोसले यांनी तिसऱ्या केंपेगौडांचा पराभव करून बंगळूर घेतले. केंपेगौडा मागडीकडे गेले. जिंकलेल्या प्रदेशाचा कारभार शहाजीराजांकडे सोपविण्यात आला आणि बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे या भागांवर त्यांचा अंमल बसला.

निजामशाही बुडाल्यानंतर शहाजीराजांना महाराष्ट्रापासून दूर ठेवावे, हा आदिलशहाचा आणि मोगलांचा हेतू या नेमणुकीमागे होता. परंतु राजांनी या दूरच्या जहागिरीत जो संसार मांडला तो एखाद्या स्वतंत्र राजाला शोभेल असा होता. जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात त्यांच्या दरबाराचे वर्णन केले आहे. अनेक भाषांचे कवी तेथे येत असत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ संपादित करून विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केल्यावर बंगळूरचा हा काळ मराठी वाचकांसमोर आला. बालपणी शिवाजीराजे जिजाबाईंसह काही काळ बंगळुरास होते आणि तेथूनच त्यांना पुण्याच्या जहागिरीवर पाठविण्यात आले. स्वराज्याच्या आरंभाची एक वाट अशी बंगळूरच्या वेशीतून निघते.

शहाजीराजांचे निधन २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून झाले. हे गाव आज कर्नाटकातील दावणगेरे जिल्ह्यात असून तेथे त्यांची समाधी आहे. त्यानंतर जहागीर व्यंकोजींकडे आली. आजच्या बंगळूरमधील मल्लेश्वरम भागात काडू मल्लेश्वराचे प्राचीन देवालय आहे. या देवाला व्यंकोजींनी १६६९ मध्ये एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख तेथे सापडतो. मल्लेश्वरम हे नावही या देवावरूनच पडले.

चोळी-बांगडीचा मुलूख

१६७५ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर घेतले आणि ते तेथेच राहू लागले. कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील या राज्यापुढे बंगळूर दूरचे आणि सांभाळण्यास अवघड ठरू लागले. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयासाठी कर्नाटकात आले. वडिलांच्या दौलतीत आपला वाटा आहे, अशी त्यांची भूमिका होती. दोघा भावांची भेट झाली, ती फिसकटली, आणि बंगळूर, कोलार, होसकोटे हा प्रदेश महाराजांनी आपल्या ताब्यात आणला. त्यानंतर व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई आणि शहाजीराजांच्या वेळेपासूनच्या हणमंते घराण्यातील रघुनाथपंत यांच्या मध्यस्थीने तह झाला.

या तहातील एक कलम बंगळूरच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. बंगळूर, होसकोटे आणि शिराळकोट हे महाल महाराजांनी जिंकलेले असूनही त्यांनी ते दीपाबाईंना चोळी-बांगडीसाठी दिले. या महालांचे तेव्हाचे उत्पन्न तहात दोन लाखांचे धरले असून व्यवस्था नीट लावल्यास ते पाच लाखांपर्यंत जाईल, असेही म्हटले आहे. घराण्यातील कलह मिटविताना जिंकलेला मुलूख भावाला परत न देता भावजयीच्या पदरात टाकावा, ही या तहातील खरी मुत्सद्देगिरी होय. देणाऱ्याचा मान राहिला आणि घेणाऱ्याला शरण जावे लागले नाही.

हे सारे कागदावर ठीक होते. परंतु जहागिरीची मूळ सनद आदिलशहाची होती. व्यंकोजी तंजावरचे राजे झाले तरी विजापूरशी असलेले नाते त्यांनी औपचारिकरीत्या तोडलेले नव्हते. बंगळूरवरील भोसल्यांच्या हक्काची एक दोरी अशी विजापूरच्या तख्ताला बांधलेली होती, आणि ते तख्त आता डळमळत होते.

दोन तख्ते, एक वर्ष

औरंगजेब दख्खनमध्ये उतरला तो १६८१-८२ मध्ये. छत्रपती संभाजी महाराजांचे राज्य बुडविणे हा त्याचा प्रमुख हेतू होता. पहिल्या काही वर्षांत मराठ्यांपुढे यश येत नाही असे पाहून त्याने आपला मोर्चा दोन जुन्या मुसलमानी राज्यांकडे वळविला. विजापूरचा वेढा सुमारे दीड वर्ष चालला. १२ सप्टेंबर १६८६ रोजी तरुण सिकंदर आदिलशहाने किल्ला बादशहाच्या स्वाधीन केला आणि जवळजवळ दोनशे वर्षांची आदिलशाही संपली. सिकंदरने उरलेले आयुष्य मोगलांच्या कैदेत काढले.

गोळकोंड्याची कथा अधिक दीर्घ आणि अधिक करुण आहे. अबुल हसन कुतुबशहा ऊर्फ तानाशहा याच्या दरबारात मादण्णा आणि आकण्णा हे दोन ब्राह्मण बंधू सर्वाधिकारी होते. शिवाजी महाराजांच्या दक्षिण मोहिमेला कुतुबशाहीचे साहाय्य मिळाले ते मादण्णाच्या धोरणामुळे. मार्च १६८६ मध्ये या दोघा भावांची हैदराबादच्या रस्त्यावर हत्या झाली. बादशहाचा राग शांत होईल या आशेने हे बळी दिले गेले, परंतु राग शांत झाला नाही. जानेवारी १६८७ च्या अखेरीस मोगल फौज गोळकोंड्यासमोर आली.

वेढ्याच्या आरंभीच किलीच खान हा वृद्ध सेनानी तोफेच्या गोळ्याने जखमी होऊन मरण पावला. त्याचा नातू म्हणजे पुढे हैदराबादला आसफजाही स्थापन करणारा निजाम-उल-मुल्क. फेब्रुवारीत बादशहाने आपला ज्येष्ठ पुत्र शहजादा मुअज्जम याला कुटुंबासह कैद केले. किल्ल्यातील तानाशहाशी त्याचा गुप्त पत्रव्यवहार चालू असल्याचा आरोप होता. या शहजाद्याची सुटका व्हायला पुढे सुमारे सात वर्षे लागली. हाच नंतर बहादूरशहा म्हणून गादीवर बसला.

उन्हाळ्यानंतर अतिवृष्टी आणि दुष्काळ असे दुहेरी संकट मोगल छावणीवर कोसळले. धान्य मिळेना, नद्यांना पूर आल्याने रसद अडली, रोगराईने माणसे मरू लागली. जूनमध्ये बादशहाच्या समक्ष तटाखाली सुरुंग उडविण्यात आले. किल्ल्यातील लोकांनी आतून खोदून सुरुंगांतील काही दारू आधीच काढून घेतली होती आणि उरलेली भिजविली होती. स्फोट उलटला आणि बाहेर सज्ज असलेले शेकडो मोगल सैनिकच त्यात ठार झाले. अखेर किल्ला पडला तो फितुरीने. अब्दुल्ला पनी या अफगाण सरदाराने रात्रीच्या शेवटच्या प्रहरी एक दिंडी उघडी ठेवली आणि रुहुल्ला खानाच्या हाताखालील मोगल सैनिक आत शिरले. अब्दुर रज्जाक लारी हा एकनिष्ठ सेवक अंगावर असंख्य जखमा घेऊन लढत राहिला. तानाशहाने मात्र शांतपणे न्याहारी मागविली आणि पकडण्यास आलेल्या सरदारांनाही सोबत बसण्याचा आग्रह केला, असे खाफीखान लिहितो. ही तारीख २१ सप्टेंबर १६८७. तानाशहाची रवानगी दौलताबादच्या किल्ल्यात झाली आणि तेथेच त्याचा अंत झाला.

गोळकोंड्याच्या लुटीत सुमारे सात कोटी रुपयांची रोकड मिळाली, असा हिशेब सर जदुनाथ सरकार यांनी दिला आहे. परंतु ही रोकड हाती आली ती सप्टेंबरात. जुलैमध्ये, म्हणजे बंगळूरचा सौदा झाला तेव्हा, बादशहाची मुख्य फौज गोळकोंड्यासमोरच्या चिखलात उपाशी अडकलेली होती. बंगळूर इतक्या सहजपणे का विकले गेले याचे उत्तर शोधताना ही गोष्ट दृष्टिआड करून चालत नाही.

जुलैमधील चार दिवस

विजापूर पडल्यामुळे आदिलशाहीचा सर्व मुलूख आपला झाला, असे बादशहाने मानले. तुंगभद्रेच्या दक्षिणेकडील प्रदेशावर अंमल बसविण्यासाठी कासिम खानाला पाठविण्यात आले. शिरे येथे मोगल सुभ्याचे ठाणे झाले आणि कासिम खान त्याचा पहिला फौजदार ठरला.

इकडे तंजावरकरांनी बंगळूर विकण्याची बोलणी म्हैसूरशी आधीच चालविली होती. मार्क विल्क्स या म्हैसूरच्या ब्रिटिश रेसिडेंटने लिहिलेल्या दक्षिण भारताच्या इतिहासात या प्रसंगाचा वृत्तान्त येतो. त्याचा पहिला खंड १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे व्यंकोजी आणि चिक्कदेवराज यांच्यात तीन लाख रुपये किंमत ठरली आणि म्हैसूरची फौज शहराचा ताबा घेण्यास निघाली. त्याआधीच १० जुलै १६८७ रोजी कासिम खानाने बंगळूर घेतले आणि कोटावर मोगल निशाण चढविले. पुढे चार दिवसांच्या आत शहर म्हैसूरच्या हाती गेले, आणि तेही ठरलेल्या त्याच तीन लाखांना. रक्कम तीच राहिली, घेणारे हात मात्र बदलले.

या वृत्तान्तात एक अडचण आहे. तंजावरच्या घराण्याच्या प्रचलित कालक्रमानुसार व्यंकोजींचे पुत्र शहाजी १६८४ पासून गादीवर होते. तेव्हा १६८७ च्या बोलण्यांत व्यंकोजींचे नाव कितपत धरावे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. व्यंकोजींच्या निधनाचे वर्षही वेगवेगळ्या ग्रंथांत वेगवेगळे दिलेले आढळते. बोलणी पित्याने केली की पुत्राने, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी विक्रीची मूळ कल्पना तंजावरची होती, यावर मात्र सर्वसाधारण एकमत आहे. चोळी-बांगडीसाठी दिलेला मुलूख दहा वर्षांच्या आतच विकावयास काढला गेला होता.

तंजावरकरांची बाजूही समजून घेणे उचित ठरेल. विजापूर बुडाल्यावर त्यांच्या जहागिरीला कोणाचेही छत्र राहिले नव्हते. मध्ये म्हैसूरचे वाढते राज्य होते आणि १६८० नंतरच्या काही वर्षांत म्हैसूर व मराठे यांच्यात रक्तरंजित लढायाही झाल्या होत्या. जे हातून जाणारच आहे त्याचे पैसे तरी पदरात पाडून घ्यावेत, हा व्यवहार त्यात होता. तोही साधला नाही.

जिंजीकडील मराठी फौजेने बंगळूर वाचविण्याचा प्रयत्न करावा, अशी परिस्थिती होती. तेथे शिवाजी महाराजांचे जावई हरजी राजे महाडिक यांचा अंमल होता आणि संभाजी महाराजांनी मोरोपंत पिंगळ्यांचे बंधू केसो त्रिमळ यांना फौज देऊन कर्नाटकात पाठविले होते. परंतु या दोघांत परस्परांविषयी संशय होता. वेळ तेथेच गेला. मराठी फौज हालली तोपर्यंत बंगळूर मोगलांच्या हाती पडलेले होते.

कासिम खानाने शहर का विकले असावे? नव्याने जिंकलेल्या शिरे सुभ्यात त्याला बसवापट्टण, बुदिहाळ, पेनुकोंडा, दोड्डबळ्ळापूर, होसकोटे, कोलार असे परगणे सांभाळावयाचे होते. मुख्य सैन्य गोळकोंड्याला अडकल्याने मदत येण्याचा संभव नव्हता. बंगळूर म्हैसूरला दिल्यास रोख रक्कम मिळत होती, मराठ्यांच्या तंजावर-जिंजीच्या वाटेवर एक अडथळा उभा राहत होता आणि चिक्कदेवराजासारखा बलाढ्य शेजारी मित्र होत होता. होसकोटे आणि कोलार मोगलांनी स्वतःकडे ठेवले हे लक्षात घेतले म्हणजे हा सौदा अगतिकतेचा नसून हिशेबी होता, असे म्हणावे लागते. तहातील दोन लाखांचा आणि विक्रीतील तीन लाखांचा आकडा शेजारी ठेवण्याचा मोह होतो. नाणी वेगळी असल्याने ती तुलना काटेकोर होणार नाही. तरीही शहर स्वस्तात गेले, एवढे निश्चित.

बुदा, अथेन्स, इस्तंबूल

दख्खनमध्ये जे चालले होते त्याचे प्रतिबिंब वाटावे असे प्रसंग त्याच सुमारास युरोपात घडत होते. विजापूर ज्या महिन्यात पडले त्याच सप्टेंबर १६८६ मध्ये हंगेरीतील बुदा हे शहर ऑस्ट्रियाच्या बाजूच्या सैन्याने ऑटोमन तुर्कांकडून जिंकून घेतले. ते जवळजवळ दीडशे वर्षे तुर्कांकडे होते. १२ ऑगस्ट १६८७ रोजी मोहाच येथील दुसऱ्या लढाईत तुर्कांचा पुन्हा मोठा पराभव झाला. याच परिसरात १५२६ मध्ये तुर्कांनी हंगेरीचे राज्य बुडविले होते. हरलेल्या तुर्की फौजेने बंड केले आणि ती राजधानी इस्तंबूलकडे चालून निघाली. वजीर सारी सुलेमान पाशा याला देहदंड देऊनही बंड शमले नाही. ८ नोव्हेंबर १६८७ रोजी सुलतान चौथा मेहमेद याला पदच्युत करण्यात आले. तो १६४८ पासून गादीवर होता. त्याच्या जागी आलेला भाऊ दुसरा सुलेमान याने तोपर्यंतची सुमारे चाळीस वर्षे राजवाड्यातील बंदिस्त दालनात काढलेली होती. औरंगजेबाने मुअज्जमला कैदेत टाकले त्याच वर्षीची ही गोष्ट.

ग्रीसमध्ये व्हेनिसच्या फ्रांचेस्को मोरोसिनी या सेनापतीने अथेन्सला वेढा घातला होता. तुर्कांनी अक्रोपोलिस टेकडीवरील पार्थेनॉन या प्राचीन मंदिरात दारूगोळा साठविला होता. २६ सप्टेंबर १६८७ रोजी व्हेनिसच्या तोफेचा गोळा त्यावर पडला आणि दोन हजारांहून अधिक वर्षे उभी असलेली ती वास्तू स्फोटात उद्ध्वस्त झाली. आज जगभरचे पर्यटक पाहतात ते भग्न रूप मुख्यतः त्या एका दिवसाचे आहे. पुस्तकांतील तारखांवर विसंबले तर गोळकोंडा आधी पडला आणि पार्थेनॉन पाच दिवसांनी उडाले, असे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. गोळकोंड्याची २१ सप्टेंबर ही जुन्या गणनेची तारीख असून नव्या गणनेप्रमाणे तो दिवस १ ऑक्टोबर येतो. व्हेनिसमध्ये नवी गणना चालू होती. अर्थात पार्थेनॉनचा विध्वंस पाच दिवस आधी झाला.

याच वर्षी रशियाचा सेनापती गोलित्सिन क्रिमियावर चालून गेला आणि पेटलेल्या गवताळ प्रदेशातून चाऱ्यापाण्यावाचून परतला. इंग्लंडमध्ये दुसऱ्या जेम्सने एप्रिलमध्ये धार्मिक सवलतींचा जाहीरनामा काढला. त्यातून उठलेल्या विरोधाने पुढील वर्षी त्याची गादी गेली. जुलैमध्ये, बंगळूरच्या सौद्याच्या सुमारासच, लंडनमध्ये आयझॅक न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

भारताच्या किनाऱ्यांवरही शांतता नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीने १६८६ मध्ये मोगलांशी युद्ध पुकारण्याचे धाडस केले होते. बंगालमध्ये जॉब चार्नॉक आणि त्याचे सैनिक १६८७ च्या पूर्वार्धात हिजली बेटावर तापाने व उपासमारीने गांजलेले होते. पश्चिम किनाऱ्यावर कंपनीने याच वर्षी आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले. मुंबई शहराच्या पुढील भाग्योदयाचा विचार करता १६८७ मधील ही घटना बंगळूरच्या विक्रीपेक्षा कमी महत्त्वाची नाही. बंगालच्या उपसागरापलीकडे मेरगुई बंदरात इंग्रजांची कत्तल झाली आणि कंपनीने सयामशी युद्ध जाहीर केले. वर्ष संपतासंपता, ३० डिसेंबर रोजी, मद्रास शहराला नगरपालिकेची सनद देण्यात आली. दख्खनमधील दोन तख्ते नाहीशी झाली त्याच वर्षी किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांची शहरे आकार घेऊ लागली होती.

वाटेवरचे शहर परके झाले

मराठ्यांसाठी वर्षाचा शेवट दुःखद ठरला. सरसेनापती हंबीरराव मोहिते वाईजवळ सर्जाखानाशी झालेल्या लढाईत मारले गेले. सर्जाखान हा पूर्वीचा आदिलशाही सरदार आता बादशहाच्या चाकरीत होता. दोन राज्ये बुडाल्याने मोकळ्या झालेल्या फौजा, सरदार आणि तोफा आता एकट्या स्वराज्यावर वळल्या. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे संभाजी महाराज पकडले गेले आणि मार्चमध्ये त्यांची हत्या करण्यात आली.

त्याच वर्षी राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघून वेषांतराने जिंजीकडे गेले. बंगळूर हातचे गेल्याची किंमत या प्रवासात प्रकर्षाने दिसून आली. शहाजीराजांच्या नातवाला आजोबांच्या शहरात लपतछपत शिरावे लागले. यात्रेकरूंच्या मेळ्यात एका माणसाचे पाय सेवक धुतात, त्याची विशेष अदब राखली जाते, हे पाहून लोकांना संशय आला आणि ठाणेदाराकडे खबर गेली, असे बखरींतून सांगितले जाते. खंडो बल्लाळ आणि काही सोबती मागे राहिले. त्यांनी पकडले जाऊन मार खाल्ला, राखेचे तोबरे तोंडाला बांधून घेतले, पण नाव सांगितले नाही. दरम्यान महाराज पुढे निसटले आणि नोव्हेंबरच्या आरंभी जिंजीस पोहोचले. दोनच वर्षांपूर्वी हे शहर भोसल्यांचे होते. पुणे आणि तंजावर ही दोन मराठी राज्ये जोडणाऱ्या वाटेवरचा हक्काचा मुक्काम आता परक्याचे नाके झाला होता.

म्हैसूरचे बंगळूर

चिक्कदेवराजाने घेतलेल्या शहराकडे दुर्लक्ष केले नाही. १६७३ ते १७०४ या त्याच्या कारकिर्दीत म्हैसूरचे राज्य सर्व दिशांना वाढले. कारभाराची अठरा कचेऱ्यांत विभागणी केल्याचे श्रेय त्याला दिले जाते. कडक करवसुलीसाठीही तो तितकाच प्रसिद्ध आहे. बंगळूरमध्ये त्याने केंपेगौडांच्या पेठेच्या दक्षिणेस मातीचा दुसरा कोट बांधला. आतील कोटे वेंकटरमण देवालय १६९० च्या सुमाराचे आहे. पुढे १७६१ मध्ये हैदर अलीने तोच कोट दगडात बांधून काढला. मार्च १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने हा किल्ला टिपू सुलतानाकडून घेतला. किल्ल्याचा थोडा भाग आणि वेंकटरमणाचे देवालय कृष्णराजेंद्र बाजाराजवळ आजही पाहावयास मिळतात. मराठी अंमलाच्या खुणा इमारतींपेक्षा कागदांत अधिक टिकल्या. म्हैसूरच्या कारभारात मराठी भाषेचा आणि मोडी लिपीचा वापर पुढे दीर्घकाळ चालू राहिला आणि देशस्थ घराण्यांतील कारभारी तेथे मोठ्या पदांवर दिसतात. टिपूचा दिवाण पूर्णय्या हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव.

बंगळूर विकणारा कासिम खान शिऱ्याचा फौजदार म्हणून आणखी आठ वर्षे राहिला. नोव्हेंबर १६९५ मध्ये सेनापती संताजी घोरपडे यांनी त्याला चित्रदुर्गजवळील दोड्डेरीच्या लहानशा गढीत कोंडले. त्याच्यासोबत बादशहाने पाठविलेला खानाजाद खान होता. गोळकोंड्यात रात्री शिरलेल्या रुहुल्ला खानाचा तो मुलगा. गढीत अन्न संपले, जनावरे मेली, सैनिक उपाशी पडले. कासिम खानाचा मृत्यू गढीतच झाला. त्याने विष घेतले, असे त्या वेळी बोलले जात होते. उरलेल्यांच्या सुटकेसाठी संताजींनी वीस लाख रुपये खंडणी ठरविली, आणि हत्ती, घोडे, तोफा व छावणीतील सर्व चीजवस्तू वेगळी घेतली.